साडेतीन फूट

टोरांटोहून खोकं येतं. आत इंजिन झोपलेलं,
थर्माकोलच्या खाचेत, चकचकीत,
भलत्याच कंपनीच्या निळ्या रंगात.
लिअँडर दोन दिवस त्याला नुसता बघतो.
तिसऱ्या दिवशी स्पिरिटमध्ये बुडवून
नाव पुसतो, नंबर पुसतो,
चाकं उपटून जवळजवळ आणतो.
आमच्या बेटावरचा रूळ अरुंद होता,
साडेतीन फूट. पलीकडच्या कॅनडातले लोक हसायचे.
तळघरात तो आता बारा मिलिमीटर आहे
आणि हसायला खाली कुणी उतरत नाही.

उतरतो तो क्लेटस. त्याच्याकडे एकशे चौदा डबे,
सगळे काचेमागे, एकही कधी चाललेला नाही.
दोघांची भांडणं रंगावरून.
क्लेटस म्हणतो, हिरवा. जुना, गडद.
लिअँडर विचारतो, कुठल्या सालचा?
आणि डोंगराकडच्या अंगाचा की समुद्राकडच्या?
शेवटी दोघं उठून उराया हॉजच्या खुराड्याशी गेले,
त्याचं दार म्हणजे खऱ्या डब्याच्या फळ्या.
चाकूनं खरवडलं. हिरव्याखाली लाल निघाला,
लालखाली आणखी एक हिरवा.
कोंबड्यांनी गाव डोक्यावर घेतलं.
दोघंही जिंकले होते,
वाटेत कुणी कुणाशी बोललं नाही.

माझा खायचा सोडा बर्फ होऊन जातो.
माझा कडक चहा गंज होतो.
कॅरिबू खातात ते करडं शेवाळ
माळावरून मीच आणते गोणीभर, त्याची झाडं होतात.
तक्रार नाही. फक्त रविवारचा केक बसका झाला
की म्हणते, गॅफ टॉपसेल्सला यंदा जास्त पडला वाटतं.

फिलोमेना एकदा आली, गुडघे धरत, एकेक पायरी.
भोजनडब्यात बावीस वर्षं ट्रे उचललेली बाई.
वाकून बघितलं आणि म्हणाली,
डावीकडची तिसरी खिडकी कधी पुरती लागायची नाही.
मी टॉवेल कोंबायचे तिथं.
त्याच रात्री लिअँडरनं खिडकी कापली,
पापणीच्या केसाएवढी फट ठेवली,
फटीत पांढऱ्या रंगाचा ठिपका.
भिंग डोळ्याला लावून ती बराच वेळ बघत राहिली.
म्हणाली, टॉवेल पट्ट्यापट्ट्यांचा होता.

सगळं विकत आणतो, रूळ तेवढा आणत नाही.
तो स्वतः घालतो. काडीएवढे स्लीपर,
प्रत्येकाला चार खिळे, चिमट्यात धरून.
क्लेटस म्हणतो, डोळे कशाला फोडून घेतोस,
वारावर तयार मिळतो.
लिअँडर ऐकू न आल्यासारखं करतो.
मीही सांगत नाही.

गाड्या बंद झाल्या त्या वर्षी दुसरं काम नव्हतं.
ज्यांनी जन्मभर रूळ सांभाळला
त्यांनाच तो उपसायला ठेवलं, तासाच्या मजुरीवर.
गाडी मागे मागे सरकायची
आणि समोरचा रूळ उचलून स्वतःच्याच पाठीवर घालायची.
संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा
सिगारेटच्या पाकिटावर एक आकडा लिहिलेला असायचा.
जेवताना तो आकडा मीठदाणीशेजारी पडून असे.
ती पाकिटं मी टाकली नाहीत.
हे त्याला माहीत नाही. किंवा असेल.

काल रात्री एक वाजून गेला तरी
खालून टुकटुक येत होती, नखानं टेबल वाजवावं तशी.
मी मोजत पडले. सत्तरच्या पुढे झोप लागली.

सकाळी बटाटे आणायला खाली गेले.
टेबलाच्या मध्यावर रूळ संपतो,
पुढे नुसतं प्लायवूड, पेन्सिलची एक रेघ.
टोकाशी एक इंजिन आणि उघडा डबा,
बिनरंगाचे, बिननंबरचे.
डब्यात रुळाचे तुकडे.
ते घालायला निघालेत की उचलून परतलेत,
इंजिनाच्या तोंडावरून कळेना.
बटाटे घेतले.
दिवा तसाच चालू ठेवला.